गॅलरी नसलेलं दार

१

गॅलरी पाडून टाकलेल्या दारातून आबा सकाळी बाहेर पडले आणि तिसऱ्या मजल्यावरून थेट मागच्या बोळात आले. जागीच गेले. त्यांना दिसत नव्हतं, काचबिंदूनं डोळे कधीच गेले होते. पण ते स्वतः मोठे मिस्त्री, घर त्यांनी आपल्या हातानं बांधलेलं, वीट न् वीट पाठ. घरात ते डोळसांपेक्षा भराभर फिरायचे म्हणे. मला हे ज्यानं ज्यानं सांगितलं, त्यानं शेवटी एकच शेपूट जोडलं, "गवंड्यानं दार उघडं सोडलं हो!"

गवंडी कोठडीत होता.

मी इमारत खात्यात तपासनीस आहे. कुठं जिना कोसळला, कुणाच्या डोक्यात छज्जा पडला की मला पाठवतात आणि चूक कुणाची ते मी लिहून देते. निवृत्तीला आले, गुडघ्यांनी तर माझ्याआधीच निवृत्ती घेतली, तरी खात्याला सगळ्यात वरच्या मजल्यावरचं प्रकरण आलं की माझीच आठवण होते. साहेबांचं म्हणणं, बाई फार कटकट करते, तिला जिने चढू द्या. चढते मी. पण वर पोचल्यावर माझं तोंड कुणाच्या बापाला बंद करता येत नाही.

"सरळ प्रकरण आहे, बाई," फौजदार म्हणाले. "गॅलरी धोक्याची म्हणून तुमच्याच खात्याची नोटीस. मुलानं गवंडी लावून ती पाडून घेतली. म्हातारा तेव्हा छातीच्या दुखण्यानं दवाखान्यात. गवंड्यानं दाराला आडवं काही ठोकलं नाही. काल संध्याकाळी म्हातारा घरी आला, आज सकाळी सवयीनं दार उघडलं. संपलं. तुम्ही संध्याकाळपर्यंत लिहून द्या, मी त्याला न्यायाधीशापुढे उभा करतो."

"आणि मी दुसरंच काही लिहिलं तर?"

"कशाला उगाच खोलात जाता?"

"अहो, पायाच बघत नाही तो इमारतवाला कसला?" मी म्हटलं आणि आधी गवंड्याला भेटायला गेले.

गवंडी जमिनीवर बसला होता. हात चुन्यानं फाटलेले, डोळे लाल. मला बघून उठला.

"बाई, फळ्या ठोकल्या होत्या मी. दोन. बाहेरच्या अंगानं, बांबूंच्या परांचीवर उभं राहून, चौकटीवर आडव्या. मग बांबू सोडले. आबांच्या हाताखाली शिकलोय मी. उघडं दार सोडून गेलो असतो तर त्यांनीच माझं थोबाड रंगवलं असतं."

"मग गेल्या कुठं फळ्या?"

"ते ठाऊक असतं तर इथं ढेकणांत बसलो असतो का?" तो म्हणाला. मग आवाज खाली आला. "तुमच्या एका कागदावर आहे सगळं. मी आत गेलो तर माझ्या पोरांना कोण बघणार? आणि सुटून आलो तरी माणूस मारलेल्या गवंड्याला कोण हाक मारतं कामाला?"

"दुसरी काही चूक झाली असेल तर आत्ताच सांग."



"चूक एकच. काम करता करता तोंड फार चाललं. नको ते बोललो."

"कुणाशी? काय?"

"त्याचा फळ्यांशी संबंध नाही," असं म्हणून त्यानं तोंड मिटलं ते मिटलंच. 

२

घर तीन मजल्यांचं. तळाला मुलगा आणि सून, मधल्या मजल्यावर भाडेकरू शिंपीणबाई, वर आबा आणि त्यांची मुलगी. मुलीला सगळे ताई म्हणतात, मीही तेच म्हणते.

मुलगा दारातच भेटला. बाप सकाळी गेलेला, पण शर्टाची घडी मोडलेली नव्हती.

"आबांना गॅलरीचं कुणी सांगितलं नव्हतं?"

"ताई सांगणार होती. माझं त्यांच्याशी बोलणं नव्हतं. वर्ष झालं."

"कशावरून?"

"घरावरून, दुसरं काय? हे पाडून नवीन बांधू म्हटलं. तर म्हणाले, माझी तिरडी उठल्यावर पाड. त्यानंतर मी बोललो की भिंतीकडे तोंड करायचे. काल दवाखान्यातून वरपर्यंत उचलून आणलं मी त्यांना. दोन जिने. एक शब्द नाही! वर पोचल्यावर म्हणाले, 'ताई, हमालाला पाणी दे.'"

"बरं झालं मग. आता मोकळी झाली जागा."

"बाई, जीभ आवरा," तो म्हणाला. पण डोळे चमकले ते चमकलेच.

मी जिना चढायला लागले. जिना मात्र बांधावा तर असा. पायरी कुठं उंच नाही, कुठं बुटकी नाही, माझ्या गुडघ्यांनीसुद्धा म्हाताऱ्याला दुवा दिला. मधल्या मजल्यावर शिंपीणबाई तोंडात टाचण्या धरून दारात उभ्याच होत्या. टाचण्या निघाल्या आणि धबधबा सुरू झाला.

"मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण ती खुर्ची! वरच्या खोलीत, अगदी माझ्या डोक्यावर. स्लॅबच्या उरलेल्या फळ्यांची ठोकलेली, चार माणसांना उचलायची नाही अशी. रोज पहाटे कोपऱ्यातून गॅलरीपर्यंत पुढं ढकलत न्यायचे, घर्रर्र! ऊन चढलं की परत आत, घर्रर्र! बाहेर ठेवा म्हटलं तर म्हणे लाकूड खराब होतं. पायांना चिंध्या बांधा म्हटलं, तर ताई म्हणाली, आवाज होतच नाही. आणि हे म्हणतात, 'ती म्हणते तर असेल.' म्हणजे माझे कान खोटे! तिनं रात्रीला दिवस म्हटलं असतं तरी हेच म्हणाले असते. दवाखान्यात होते तेवढे दिवस मी सुखानं झोपले हो. आज सकाळीसुद्धा छान डोळा लागला होता, आणि एकदम खाली धप्प! मला वाटलं पोतं पडलं."

"आणि सुनेचं ऐकायचे का ते?"

"सुनेचं? तिनं एकदा वाटेतलं स्टूल हलवलं आणि सांगितलं नाही. आबांची नडगी फुटली. तेव्हापासून ती पाणी आहे म्हणाली तरी काठी बुडवून बघायचे."

वर पोचले तेव्हा मला धाप लागली होती. ताई चाळिशीची असेल. केस घट्ट बांधलेले, डोळे कोरडे. ती कोपऱ्यात गेली, ती जाडजूड खुर्ची घर्रर्र करत ओढत आणली आणि माझ्यापुढं ठेवली. खालून शिंपीणबाईंनी सवयीनं छताला काहीतरी हाणलं. मी बसले. गुडघे दुखतात तेव्हा खुर्ची कुणाची हे बघायला मी थांबत नाही.

"मी स्वयंपाकघरात होते," ताई म्हणाली. "स्टोव्ह भरभरत होता. रोजच्यासारखा खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग कडी वाजली. मला वाटलं, बसले असतील. मग एकदम आठवलं, गॅलरी नाही! धावले, तोवर…"

"तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?"

"भाऊ सांगणार होता."

"तो म्हणतो तुम्ही सांगणार होतात."

"तो तसं म्हणणारच," ती म्हणाली. "आमच्याकडे भार दुसऱ्यावरच टाकतात."

मी खोली बघितली. पलंग, उशाशी तांब्या, भिंतीतल्या खुंटीला अडकवलेली काठी. रंगाचे थरावर थर चढलेली जुनी भिंत, खुंटीच्या बुडाशीही तेच थर, अखंड. मग दाराशी गेले. दोन झडपांचं, आत उघडणारं दार. पलीकडे नुसता उजेड. पूर्वी गॅलरीच्या फरशा होत्या तिथं भिंतीतून तोडलेल्या सळयांची टोकं बाहेर आली होती.

मी चौकट धरून डोळे मिटले. म्हटलं, बघावं तरी म्हाताऱ्याला काय कळत असेल. वारा खालून वर येत होता, थेट हनुवटीला लागत होता. बोळातली मोरी नाकात, कुणाचं तरी खोकणं तळपायाखाली. माझे पाय आपोआप आखडले. मेले तरी पुढं जाईनात.

डोळे उघडले, चौकटीला गच्च धरलं आणि मान बाहेर काढून चौकटीची बाहेरची बाजू बघितली. दोन्ही अंगांना खिळ्यांची भोकं होती. ताजी, आतलं लाकूड अजून पांढरं.

गवंडी खरं बोलत होता. फळ्या होत्या.

३

त्या सापडल्या जिन्याखाली. सुनेनं त्यांच्यावर पाण्याचे हंडे रचून ठेवले होते. नव्या कोऱ्या फळ्या, कडांना खिळ्यांची भोकं. मी हंडे उतरवायला लागले तशी सून धावत आली.

"अहो, काय करताय? आमच्या आहेत त्या!"

"कधीपासून?"

 मी एक फळी काखोटीला मारली आणि जिना चढायला लागले. मागोमाग ती. वर न्यायची गरजच पडली नाही, मधल्या वळणावरच तिचा धीर सुटला.

"काल दुपारी बोळात पडलेल्या होत्या. हे मामंजींना आणायला दवाखान्यात गेले होते तेव्हा. मला वाटलं, गवंडी विसरला. चांगलं लाकूड, कुणीतरी उचलून नेलं असतं."

"आणि खिळे?"

ती खाली घरात गेली आणि डबा घेऊन आली. डब्यात खिळे होते, एकूण एक ठोकून सरळ केलेले.

"या घरात वाकडा खिळा टाकायची सोय नाही," ती म्हणाली. "नवी नवरी होते तेव्हा एक टाकला होता मी. मामंजींनी कचऱ्यातून शोधायला लावला. सगळ्यांच्या देखत. आता हातच तसे झालेत. ह्यांचेही, वन्संचेही. जुनी दोरी दिसली तरी गुंडाळून ठेवतो आम्ही."

"सकाळी पोलीस आले, गवंड्याला धरून नेलं. तो फळ्या फळ्या म्हणून ओरडत होता. तुम्ही तिथंच होतात ना?"

"होते."

"मग?"

"म्हटलं, पुरावा म्हणून घेऊन जातील. मग कुठल्या परत मिळतात?"

मी आयुष्यात पुष्कळ पडकी घरं बघितली, पण असं काही बघितलं नव्हतं. दोन फळ्यांसाठी एका माणसाची पोरं उघड्यावर पडली तरी हिच्या हंड्यांखाली ओल यायला नको! तसं मी तिला तोंडावर म्हटलंही. तिनं पदर सारखा केला आणि विचारलं, "पण मिळतील ना परत?"

मी तिथूनच शिंपीणबाईंना हाक मारली.

"काल दुपारी वर काही ठोकाठोक झाली?"

"झाली तर! हातोडीनं. मी ओरडले, अगं काय चाललंय? तर ताई वरून म्हणाली, आबांच्या काठीसाठी खुंटी ठोकतेय."

मी फळी भिंतीला टेकवून ठेवली. सुनेला म्हटलं, नवऱ्याला सांगा, फौजदारांना बोलावून आणा. आणि गुडघ्यावर हात ठेवून पुन्हा वर निघाले. उगाचच फार हळू चढले त्या वेळी.

४

ताई पलंगावर बसली होती. मी त्याच खुर्चीत बसले.

"तुमचे आबा ही खुर्ची पुढं ढकलत न्यायचे," मी म्हटलं. "ओढत नाही, पुढं ढकलत. आंधळ्या माणसापुढं एवढी जड खुर्ची असली की पडण्याआधी खुर्ची पडते. गॅलरी नाही हे खुर्चीलाच आधी कळलं असतं. तुम्ही म्हणालात, खुर्चीचा आवाज आला. पण खुर्ची तर कोपऱ्यात होती, तुम्हीच मला ओढून दिलीत. खाली शिंपीणबाई आज गाढ झोपल्या होत्या. तो आवाज झाला असता तर त्या झोपल्याच नसत्या."



"काठी खुंटीला. आणि ती खुंटी तुम्ही काल ठोकली नाहीत. तिच्या बुडाशी रंगाचे सगळे थर शाबूत आहेत, नवी असती तर भोवतीचा पापुद्रा उडाला असता. काल हातोडी चालली ती फळ्यांवर. आतून ठोकून बोळात पाडल्यात. म्हणजे तुमचे आबा आज खुर्ची न घेता, काठी न घेता, मोकळ्या हातांनी त्या दारातून गेले. तिथं उभं राहून डोळे मिटले तर माझ्यासारख्या म्हशीचेसुद्धा पाय अडतात. एवढं सगळं सोडून माणूस पाऊल कधी टाकतो? कुणीतरी हाक मारली, खुर्ची आधीच बाहेर ठेवलीय म्हणून सांगितलं, तरच. मुलाशी ते बोलत नव्हते. सुनेच्या शब्दावर काठी टेकल्याशिवाय हलत नव्हते. शिंपीणबाईंचं तर ऐकायचेच नाहीत. राहिलं कोण?"

"खुर्ची मी मागून खाली टाकायला हवी होती ना?" ताईनं विचारलं. अगदी भाजीत मीठ कमी पडलं का, असं विचारावं तसं.

"हो. टाकली असतीत तर मी काहीच सिद्ध करू शकले नसते. खुर्ची आधी पडली का माणूस, कोण सांगणार? गवंडी फुकट आत गेला असता."

"ठरवलं होतं तसं. दारापर्यंत नेलीसुद्धा, चिंधीवरून सरकवत. पण…" तिनं खुर्चीच्या हातावरून बोट फिरवलं. "इतकी चांगली खुर्ची."

त्या घरात हे शिकवलं होतं म्हाताऱ्यानं. काहीही वाया घालवायचं नाही. 

"का?" मी विचारलं.

"मी इथं थोड्या दिवसांसाठी आले होते, बाई. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं, नवऱ्यानंच पाठवलं. म्हणाला, बरं वाटलं की न्यायला येतो. तो आलाच नाही. मी वाट बघितली, निरोप पाठवले. आबा म्हणायचे, 'फिरकला तरी का? असल्या माणसासाठी रडतेस? मी आहे ना तुला.' मग मी रडायची थांबले. त्यांना आंघोळ घातली, नखं कापली, पेपर वाचून दाखवला. ते सगळ्यांना सांगायचे, माझी लेक म्हणजे माझे डोळे."

"मग?"

"परवा गवंडी गॅलरी फोडत होता. फोडता फोडता हसत म्हणाला, 'ताई, तुमचे यजमान कसे उभे राहायचे हो इथं बोळात! मी तेव्हा शेजारच्या घरी कामाला होतो. रोज संध्याकाळी यायचे बिचारे. आणि आबा गॅलरीतून सांगायचे, तिला तुझं तोंड बघायचं नाही. तुम्हीही भारी कडक हं, एकदा खिडकीतसुद्धा आला नाहीत.' मला कळेचना तो काय बोलतोय. मी आत स्टोव्हपाशी असायची. स्टोव्हच्या आवाजात काय ऐकू येणार?"

ती उठली आणि उघड्या दाराशी जाऊन उभी राहिली. मी धसकले, पण ती मागं वळली.

"परवाच गेले नवऱ्याच्या घरी. दारात दोन पोरं खेळत होती. धाकटीनं विचारलं, कोण पाहिजे? मी म्हटलं, घर चुकलं."

"आणि गवंडी? त्यानं काय केलं होतं? तो कोठडीत सडला असता."

"त्यानं बघितलं होतं ना सगळं. इतकी वर्षं या घरी येत होता, चहा पीत होता. एका शब्दानं बोलला नाही, आणि बोलला तो हसत. म्हटलं, दार बाहेरून लागलं की कसं वाटतं ते त्यालाही कळू दे."

मला तिचा राग यायला हवा होता. आला होताही, गवंड्याच्या पोरांसाठी. पण त्या रागात म्हातारा मेल्याचं दुःख काही केल्या मिसळेना.

"सकाळी काय झालं?"

"ते उठले. म्हणाले, खुर्ची? मी म्हटलं, बाहेर ठेवलीय, ऊन छान आलंय, या. दार मीच उघडलं होतं. ते आले. उंबऱ्यावर थांबले. चेहरा असा पुढं केला आणि म्हणाले, 'आज वारा खालून लागतोय गं.'  मी म्हटलं, समोरचं घर पाडलंय ना, म्हणून. मग म्हणाले, 'तू म्हणतेस तर असेल.' आणि पाऊल टाकलं."

५

फौजदार आले. त्यांना सगळं पुन्हा सांगितलं, खुंटी दाखवली, फळीची भोकं चौकटीच्या भोकांना लावून दाखवली. त्यांचा चेहरा पडला, कारण आता गवंड्याला सोडायला लागणार होतं आणि त्याचं सगळं लिखाण पुन्हा करायला लागणार होतं. ताईनं काहीही नाकारलं नाही.

मुलगा मधल्या खोलीत ऐकत उभा होता. बहिणीनं बापाला मारलं हे कळल्यावर माणूस काहीतरी बोलेल, निदान शिवी तरी देईल, असं मला वाटत होतं. त्यानं मला बाजूला घेतलं.

"बाई, असल्या घरात आता तसं कुणी राहणारच नाही. पाडायच्या परवानगीला तुमच्या खात्याची हरकत नाही ना? कामाला मी त्याच गवंड्याला लावीन. आता तोही नाही कशाला म्हणेल, अडलेला आहे."

"वन्सं," सून जिन्याच्या तोंडाशी येऊन म्हणाली, "वरच्या कपाटाच्या चाव्या कुठं असतात?"

ताईनं कमरेचा जुडगा काढून तिच्या हातात दिला. सुनेची नजर तोवर माझ्या मागं गेली होती, खुर्चीकडे. आज संध्याकाळीच ती खुर्ची तळमजल्यावर जाणार, हे मला लख्ख दिसलं.

आम्ही खाली उतरायला लागलो. पुढं फौजदार, मग ताई, मागं मी कठडा धरून. पहिल्याच वळणावर ती थांबली आणि माझ्याकडे वळली. तिचे डोळे आत्ता पहिल्यांदा भरलेले दिसले.

"बाई, तुमचा जन्म इमारतींत गेला. एक सांगा. वारा खालून लागतोय, असं ते म्हणाले. त्यांना कळलं होतं का?"

मी काय सांगणार होते? उभं आयुष्य परांचीवर काढलेला मिस्त्री तो. जमीन कुठं संपते हे ज्याच्या तळव्यांना झोपेतही कळलं असेल, त्याला उंबऱ्यावर उभं राहून कळलं नाही? मला कळलं, आणि मी तर तिथं पहिल्यांदाच उभी राहिले होते. म्हाताऱ्याला ठाऊक होतं. गॅलरी गेलीय हे ठाऊक होतं, आणि कुणी बोलावतंय हेही. त्यानं लेकीचा शब्द तपासला नाही, एवढंच. बोळात उभ्या राहिलेल्या त्या माणसाची त्या क्षणी त्याला आठवण झाली का, ते देव जाणे.

खरं सांगावं असं जिभेवर आलं होतं. गवंड्याला गाडायला निघाली होती ती, जन्मभर जळू दे म्हटलं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"नाही," मी म्हटलं. "कळलं नसणार. एवढ्याशा वाऱ्यानं काय कळतं?"

तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मी कठड्याकडे बघत राहिले. मग तिनं पदरानं डोळे पुसले.

"तुम्ही म्हणता तर असेल," ती म्हणाली आणि पुढच्या पायरीवर पाऊल टाकलं.